मॅडमचा शुक्रवार

मी दोन वर्षं आठ महिन्यांचा असताना विकासात मागे पडलेलं बालक म्हणून मला जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची शिफारस झाली होती. त्या वेळी माझं खरं वय बावन्न होतं, आणि शिफारस मीच केली होती.

झालं असं की आमच्या बालविकास कार्यालयात नवी मोहीम आली. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला घरी जाऊन तपासायचं. वयाप्रमाणे ऐकतं का, बोलतं का, चालतं का, बोटांच्या चिमटीत दाणा उचलतं का, सगळं विचारून टॅबवर भरायचं. टॅब आले, पण ते चालवायला माणसं कमी पडली, म्हणून आवक-जावक विभागातून मला उचललं. प्रशिक्षणात प्रत्येकाने एक नमुना नोंद करायची होती. मला मुलाचं नाव सुचेना, म्हणून मी माझंच टाकलं. जन्मतारीखही माझीच. साल मात्र यंत्र तितकं मागे जाऊ देईना, तेव्हा बोटाखाली जे आलं ते दाबलं. मग प्रश्न सुरू झाले. एका पायावर उभं राहतं का? मी गुडघा आठवून प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं. अनोळखी माणसांत मिसळतं का? नाही. सांगितलेली दोन कामं लक्षात ठेवून करतं का? यावर जरा विचार केला, आणि नाही. शेवटी ‘सराव’ दाबायच्या जागी ‘सबमिट’ दाबलं. पडदा लाल झाला.

तिसऱ्या दिवशी रुग्णालयातून एका बाईंचा फोन आला. “ते बालक अजून तपासणीला आलं नाही. त्याच्या पालकांशी बोलता येईल का?”

“पालक वारले,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

पलीकडे त्या बाईंचा आवाज भरून आला. पुढची दहा मिनिटं मी त्यांची समजूत घालत होतो.

ही हकीकत कार्यालयात पसरली आणि तिच्यामागोमाग मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. मॅडम म्हणजे मुख्यसेविका, पंचवीसेक अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या. त्यांना मी लांबून ओळखत होतो. सगळेच त्यांना लांबून ओळखणं पसंत करत. ठेंगणी, रुंद बांध्याची, गळ्यात ठसठशीत सोनं आणि पायात रबरी चप्पल घातलेली बाई. त्यांनी टॅबवरची माझी लाल नोंद वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “दादूस, उठा. एका पायावर उभं ऱ्हावा.”

“मॅडम, ते चुकून—”

“उभं ऱ्हावा.”

मी उभा राहिलो. त्या मोठ्याने आकडे मोजू लागल्या. चार म्हणेपर्यंत मी फायलींच्या रॅकवर आदळलो.

“मशीन बरोबर हाय,” असं बाकीच्यांना सांगून त्या माझ्या खुर्चीत बसल्या. त्या दिवसापासून मोहिमेत त्यांच्याबरोबर फिरायचा हुकूम मला झाला. तो साहेबांनी काढला की मॅडमनी काढायला लावला, याचा छडा मला आजवर लागलेला नाही.

*

मॅडम भिवंडीजवळच्या वळ गावच्या. शेती होती तेव्हा त्यांच्या घरचे लोक भात लावायचे, खाडीवर मासे मारायचे. मग शेतात गोदामं उभी राहिली. आता घरात पैसा एवढा, की आमच्या अख्ख्या कार्यालयाने एकदम नोकरी सोडली असती तरी मॅडमच्या घरी आम्हा सगळ्यांना पोसता आलं असतं. मुलाची गाडी रस्त्यात मावायची नाही. ती गाडी मॅडमना वस्तीच्या अलीकडे चौकात सोडायची आणि तिथून त्या उन्हातान्हात चालत यायच्या.

“गाडीतून उतरल्याली बाई बगितली का पोराची आई बोलाय लागते आन् पोर गप ऱ्हातं,” असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र स्कूटर त्या चौकातच लावायला लावायच्या. माझ्या स्कूटरला बघून गप्प बसेल असं मूल भिवंडीत जन्मलेलं नाही, हे मी पुष्कळदा सांगून बघितलं.

सरकारने तपासणीसाठी एक सुरेख पेटी दिली होती. रंगीत ठोकळे, खुळखुळा, चित्रांची कार्डं. मॅडमनी ती पेटी सीलबंद कपाटात ठेवली. त्यातला एक ठोकळा हरवला तर सेविकेच्या मानधनातून भरपाई होणार होती. “त्या पेटीशी ऑडिटची पोरं खेळतील,” त्या म्हणाल्या. त्यांची स्वतःची एक साडीच्या दुकानाची पिशवी होती. तीत एक स्टीलची वाटी, एक चमचा, धुतलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, मूठभर फुटाणे, चिंध्यांचा चेंडू, बैलाच्या गळ्यातली घंटा आणि लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, दोरा गुंडाळायच्या चार रिकाम्या कांड्या असत. कार्डावर सफरचंद दाखवलं तर मूल बघत राही. कांडी दाखवली की दीड वर्षाचं पोरही ‘कांडी’ म्हणे. फुटाणे पोराने एकेक करून बाटलीत टाकायचे. त्याआधी मॅडम ते मला टाकायला लावत, म्हणजे पोराची भीड चेपते म्हणे. दुपारी तेच उरलेले फुटाणे त्या खायच्या आणि मलाही द्यायच्या. ते कुणाकुणाच्या हातातून आलेत हे मी पाहिलेलं असे, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

जेवणाचं तर विचारूच नका. आमचं घर पिढ्यान् पिढ्या वरणभातवालं. मॅडम माझ्या टेबलावर तांदळाची भाकर आणि सुकट उघडायच्या. वास बाराला यायचा तो पाचपर्यंत बसायचा. एकदा मी खिडकी उघडली, तर म्हणाल्या, “बंद करा. मांजरा येतील.”

त्यांचे नियम होते. पहिला नियम, खुर्ची घ्यायची नाही. “खुर्चीवरून पोराचं डोसकं दिसतं, पोर दिसत न्हाय.” मला खाली बसता येतं, उठता येत नाही. वस्तीतल्या बायकांना हे कळल्यावर मी निघायच्या वेळी दोघीजणी आपणहून पुढे येत. दुसरा नियम, गेल्यावर दहा मिनिटं काही करायचं नाही. “आधी पोर तुमाला तपासतं. त्याचं झालं का मंग तुमी.” आणि तिसरा, आईला विचारायचं नाही.

टॅबवरचा प्रत्येक प्रश्न आईला विचारायचा होता. ‘तुमचं मूल हाक मारल्यावर बघतं का?’ आई म्हणणार हो, आपण हो दाबायचं, की एक मूल चार मिनिटांत निकालात. मॅडमना एका मुलाला पाऊण तास लागे.

“मॅडम, आईपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?” मी एकदा वैतागून विचारलं.

“आई म्हंजे पोराची वकील. वकिलाला कोन इचारतं का, तुमच्या माणसानं गुन्हा केलाय का म्हनून?”

एकदा शेलार गावाजवळच्या एका वस्तीत ‘पायऱ्या चढतं का’ हा प्रश्न आला. वस्ती सगळी बैठ्या खोल्यांची, पायरी म्हणून कुठे नव्हती. दुसऱ्या कुणीही ‘हो’ दाबून पुढची खोली गाठली असती. मॅडमनी बारा पोरं गोळा केली, त्यांच्या आया गोळा केल्या आणि ती मिरवणूक हमरस्त्यावरच्या लग्नाच्या हॉलपर्यंत नेली. एक पोर माझ्या कडेवर होतं आणि ते ओलं होतं. हॉलच्या वॉचमनने हटकलं, “किधर? किसकी शादी है?”

“इसकी,” माझ्याकडे बोट करून मॅडम पायऱ्या चढू लागल्या. वॉचमनने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याला माझी दया आली असावी, कारण त्याने बारा पोरांना दोनदा वर-खाली चढू दिलं.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. शुक्रवारचं मात्र सोसेना.

*

भिवंडीत लूमला शुक्रवारी सुट्टी. बाकी सहा दिवस चोवीस तास खटाखट चालू. आम्हा गावातल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, उलट शुक्रवारीच चुकल्यासारखं होतं. पण लूमच्या शेडला पाठ लावून ज्या पत्र्याच्या खोल्या आहेत तिथे बोलणं असं नसतंच. तिथे माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं ओठाला लावली की चहा. मनगटावर टिचकी मारली की शिफ्ट संपली. हवेत मूठ फिरवली की दोरा तुटला. बाकीचं ओठांवरून समजून घेतात.

मॅडमचा हट्ट असा, की कानाचे प्रश्न फक्त शुक्रवारी तपासायचे. बाकी काहीही बाकीच्या दिवशी करा. म्हणजे प्रत्येक घरी दोनदा जायचं, आणि दुसऱ्यांदा सगळ्यांकडे एकाच वारी. आकडे पुढे सरकेनात. ठाण्याहून रोज विचारणा होऊ लागली. साहेब मला बोलवून झापायचे, कारण मॅडमना झापायची त्यांची छाती नव्हती. एका शुक्रवारी ठाण्याला आढावा बैठक लागली, तेव्हा मॅडमनी माझ्यासमोर तिथल्या साहेबांना फोनवर सांगितलं, “साहेब, आठवड्यातून एक दिवस भिवंडीला ऐकू येतं. त्या दिवशी मी तिकडं येऊन तुमचं ऐकत बसू?”

त्यांना मेमो मिळाला. त्यात त्यांनी सुकट बांधली.

मग मी एक हुशारी केली. मॅडम दोन दिवस घरच्या लग्नासाठी रजेवर होत्या. बुधवारी आणि गुरुवारी मी टॅब घेऊन एकटाच निघालो आणि त्यांची एक अख्खी रांग उरकली. एक्केचाळीस मुलं. आईला विचारायचं आणि हो दाबायचं, असंही मी केलं नाही बरं का. मी बैलाची घंटा नेली होती. मुलाच्या मागे धरून कानाजवळ जोरात वाजवत होतो. इतक्या जवळ वाजवल्यावर लूम चालू असले म्हणून काय झालं, असा माझा सरळ हिशेब होता.

त्या एक्केचाळिसात गुड्डी होती. अडीच वर्षांची, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, आणि डोळे असे की आपण काय करणार ते आपल्याआधी तिला कळावं. तिचा बाप पलीकडच्या शेडमध्ये लूमवर होता. आई कांड्या भरत बसली होती. आईने नुसती हनुवटी हलवली आणि गुड्डीने मला पाण्याचा पेला आणून दिला. मी टाळी वाजवली, तिने वाजवली. मी घंटा तिच्या मागे नेली, वाजवली, आणि ती गर्रकन वळली. मी खूश होऊन दुसऱ्या कानाशी वाजवली. तिकडेही वळली.

“साहब, सबसे होशियार यही है,” आई माझ्या कानात ओरडली. “बड़े दोनों को दस बार बोलना पड़ता है. इसको इशारा भी पूरा नहीं करना पड़ता.”

मी सगळीकडे ‘हो’ दाबलं. शेऱ्याच्या रकान्यात ‘अत्यंत चुणचुणीत’ असं लिहिलं. आणि सबमिट.

शुक्रवारी मॅडम परत आल्या. लग्नातले लाडू त्यांनी मला दिले आणि मी त्यांना एक्केचाळीस मुलं दिली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी यादी वाचली, तारखा वाचल्या, आणि विचारलं, “बुदवारी?”

“घंटा अगदी कानाशी वाजवली, मॅडम. सगळी वळली.”

“चला.”

“कुठे?”

“यातली कंची सगळ्यात हुशार होती, तिच्याकडं.”

आता यात काय तर्क होता, हे तुम्हीच सांगा. हुशार मुलाकडे जाऊन काय मिळणार? वाटभर मी धुसफुसत होतो.

लूम बंद होते. त्या गल्लीत मी पहिल्यांदाच कुकरची शिट्टी ऐकली. गुड्डीचा बाप कोपऱ्यात आठवड्याची झोप काढत होता. मॅडम खाली बसल्या, मीही बसलो, आणि त्यांची ती दहा मिनिटं सुरू झाली. गुड्डीने मॅडमच्या बांगड्या मोजल्यासारखं केलं, माझा चष्मा ओढून पाहिला. मग मॅडमनी तिच्यापुढे बाटली ठेवली आणि फुटाणे ठेवले. ती एकेक फुटाणा बाटलीत टाकू लागली. मॅडमनी मला घंटा वाजवायची खूण केली. मी मागून वाजवली. ती वळली.

मी मॅडमकडे असं पाहिलं, की बघा.

मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या गुड्डीच्या आईकडे बघत होत्या.

“बाई, तुम आँख बंद करो,” त्या म्हणाल्या.

“मैं? क्यूँ?”

“करो तो.”

आईने डोळे मिटले. मॅडमनी वाटी उचलून गुड्डीच्या पाठीमागे अधांतरी धरली आणि चमच्याने अशी ठोकली की मी दचकलो आणि कोपऱ्यातला बाप उठून बसला. गुड्डीने फुटाणा बाटलीत टाकला. मॅडमनी दुसऱ्या बाजूने ठोकली. गुड्डीने आणखी एक फुटाणा उचलला, चिमटीत नीट धरला आणि तोही टाकला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी घंटा वाजवत होतो तेव्हा आई घंटेकडे बघत होती, आणि गुड्डी आईकडे. आईचे डोळे जिकडे जातील तिकडे ती वळत होती. बुधवारी मी त्या पोरीची नजर तपासली होती, आणि ती खरोखरच अव्वल होती.

आईने डोळे उघडले. आमचे चेहरे पाहून ती आधी हसली आणि मग चिडली. “क्या हुआ? खेल रही है, ध्यान नहीं होगा. हमारी बच्ची गूंगी-बहरी नहीं है, मॅडम. इधर कौन सुनता है? मैं भी नहीं सुनती. ये भी नहीं सुनते,” तिने नवऱ्याकडे हात केला. “इस घर में सबसे अच्छा यही समझती है.”

मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. मॅडमनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ते बंद केलं. मग त्या आईला म्हणाल्या, “पीछे से आवाज दो उसको. नाम से.”

आईने तोंड उघडलं आणि क्षणभर ती थांबली. मला वाटतं, तिने पोरीला आवाजाने हाक अशी कधी मारलीच नव्हती. लागलीच नव्हती.

“गुड्डी,” ती म्हणाली.

“गुड्डी.”

“ए गुड्डी!”

सगळी गल्ली शांत होती, त्यामुळे ती हाक बाहेरपर्यंत गेली. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामुळे खोलीत अंधारलं, तेव्हा गुड्डीने मान वर केली आणि दाराकडे बघून हसली.

आई म्हणाली, “कल लूम चालू होगा ना. फिर सुन लेगी.” असं म्हणून तिने ओढणी तोंडावर घेतली.

*

कानाची पुढची तपासणी आणि ऐकायचं मशीन फुकट मिळायचं, पण रुग्णालयाची यादी टॅबवरून निघायची. टॅबवर गुड्डी ‘अत्यंत चुणचुणीत’ होती. दुरुस्ती करायची तर तपासणी चुकीची झाली असा लेखी कबुलीजबाब लागणार होता. मी साहेबांकडे गेलो. साहेब प्रेमळपणे म्हणाले, “अहो, कशाला कागद करता? सहा महिन्यांनी पुढची फेरी आहेच. तेव्हा बरोबर भरा.”

मला हायसं वाटलं. मी ती बातमी घेऊन मॅडमकडे गेलो. त्या सुकट खात होत्या.

“सा महिने,” त्या म्हणाल्या. “अडीच वर्सं तिनं कायच ऐकलं न्हाय. तिच्या वयाची पोरं या सा महिन्यांत दुनियेचं बोलाय शिकतील, आन् ती तुमच्या फेरीची वाट बगत बसंल. लिवा.”

“तुम्ही वरिष्ठ आहात. तुम्ही लिहिलंत तर—”

“मी लिवलं तर ती तुमची तक्रार. साहेब दाबून ठेवतील. तुमी लिवलं तर दुरुस्ती. लिवा.”

मी दोन पानी पत्र लिहिलं. त्यात उद्दिष्टपूर्तीचा ताण होता, तांत्रिक अडचणी होत्या, ‘अनवधानाने’ हा शब्द तीनदा होता. मॅडमनी ते वाचलं आणि माझंच लाल पेन घेऊन खोडायला सुरुवात केली.

“अनवधान कसलं? लूम चालू होते ते ठावं व्हतं ना? ‘घाईत केलं’ लिवा.”

शेवटी पत्र पाच ओळींचं उरलं. इतकं स्वच्छ पत्र मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत लिहिलेलं नाही. त्याबद्दल मला मेमो मिळाला आणि गुड्डीचं नाव त्याच आठवड्यात यादीत गेलं. मला वाटलं, सुटलो.

“बाकीची चाळीस?” मॅडम म्हणाल्या.

“ती ऐकतात, मॅडम!”

“कोन सांगतं? तुमची घंटा?”

पुढचे दोन महिने सगळे शुक्रवार मी त्या रांगेत जमिनीवर बसलो. एकोणचाळीस मुलं व्यवस्थित ऐकत होती. एकाचा कान वाहत होता, तो औषधाने बरा झाला. मॅडम एकदाही ‘बरं झालं’ म्हणाल्या नाहीत. एवढं का करता, असं मी एकदा विचारलं होतं. “ड्युटी हाय,” एवढंच उत्तर मिळालं, आणि वर ‘हा काय प्रश्न झाला’ अशी नजर.

त्यानंतर काही महिन्यांनी मॅडम निवृत्त झाल्या, तेव्हा कार्यालयाने निरोप समारंभ नेमका शुक्रवारी ठेवला. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण, सगळं तयार होतं. मॅडम आल्याच नाहीत. साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून भाषण केलं आणि संध्याकाळी मॅडमचा मुलगा येऊन शाल घेऊन गेला. मी मनात म्हटलं, आता माझे शुक्रवार माझे.

सोमवारी फोन आला. “दादूस, शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत काय करता?”

“जेवतो.”

“डबा घेऊन गुड्डीकडं या.”

गुड्डीला दोन्ही कानांना मशीन मिळालं होतं. पुढे ऑपरेशन करायचं की मशीनवर भागेल, ते डॉक्टर बघणार होते. पण घरी एक पंचाईत झाली होती. मशीन लावलं की तिला लूम ऐकू यायचे. जन्मापासून जी खटाखट कधी नव्हतीच, ती एकदम डोक्यात घुसायची आणि ती किंचाळून मशीन उपटून टाकायची. आईने कंटाळून मशीन पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं होतं. मॅडमनी तिला सकाळी अंगणवाडीत बसवायची व्यवस्था केली, कारण ती शेडपासून लांब होती. आणि शुक्रवारी घरी. कुणीतरी समोर बसून तिच्याशी सारखं बोलायला हवं होतं. बायकांचे आवाज झाले होते, आता पुरुषाचा हवा होता, आणि बाप तर झोपलेला.

“पण मी काय बोलू तिच्याशी?”

“तुमाला बोलाय शिकवायला पायजे व्हय?”

हे मात्र खरं होतं. आमच्या घरातल्या लग्नामुंजीत जेवणं उरकली की मला गोष्ट सांगायला बसवतात, म्हणजे मी बसतो. माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे आत्याची म्हैस पोलीस चौकीत शिरली ती. मी ती गुड्डीला माझ्या हिंदीत सुरू केली. “एक थी हमारी आत्या, और उसकी थी एक म्हैस.” गुड्डी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आई कांड्या भरायची थांबली. मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी रंगात आलो. म्हैस अजून चौकीच्या पायरीवरच होती, हवालदार टोपी शोधत होता, तेवढ्यात गुड्डीने दोन्ही हात वर नेले, एका कानाचं मशीन काढलं, दुसऱ्या कानाचं काढलं, दोन्ही नीट वाटीत ठेवली आणि फुटाण्यांकडे वळली.

मी गोष्ट थांबवली. लूम तर बंद होते. “मॅडम, मशीन बिघडलं वाटतं. तिला ऐकू येत नाहीये.”

आणि मॅडम हसल्या. इतकी वर्षं मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. सगळं सोनं हलत होतं.

“अरं दादूस, ऐकू आलं म्हनून तर काढलं! जे ऐकूच येत न्हाय, ते कोन बंद करंल?”

आईला मी हे समजावून सांगितलं, तेव्हा तिने वाटीतली मशीनं उचलून आपल्या ओढणीने पुसली आणि पुन्हा गुड्डीच्या कानांना लावली. या वेळी गुड्डीने ती राहू दिली. अर्थात मी गप्प होतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भेंडी चिरत होती. म्हैस, मशीन, मॅडमचं हसणं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गुणाची पोर. मला अठ्ठावीस वर्षांत ती सोय मिळाली नाही.”

मी उठून जाणार, तेवढ्यात तिने सुरी खाली ठेवली.

“पुढच्या वेळी गोष्ट सांगताना मध्ये मध्ये थांबत जा जरा,” ती म्हणाली. “तिलाही काही म्हणायचं असेल.”